दुखवट्याची दिवाळी आणि गोडाची ओढ

ज्या घरात वर्षाच्या आत मृत्यू झाला असेल, त्या घरी दिवाळीचा फराळ करावयाचा नाही, ही रूढी महाराष्ट्रात आजही पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. कढई चुलीवर चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. परंतु ते घर फराळावाचून राहते असे मात्र नाही. शेजारीपाजारी, भावकी, माहेरची माणसे डबे घेऊन येतात. 'तुमच्याकडे यंदा करायचे नाही, म्हणून आणले' असे म्हणून करंज्या, शंकरपाळे, बेसनाचे व रव्याचे लाडू, चकल्या, चिवडा पुढे ठेवले जातात. ज्या घरात खाणारी माणसे दोनच उरली आहेत, तेथे डबे सात-आठ होतात.

या रूढीमागची माया निर्विवाद आहे. शोकाकुल घराला अन्न पुरविणे हे समाजाचे कर्तव्य होय, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. मृत्यूच्या दिवशी त्या घरी चूल पेटवू न देता बाहेरून पिठलेभात आणण्याची पद्धत याच जाणिवेतून आली. पण दिवाळी संपून महिना उलटला, की या घरांतील माणसे आपल्या दवाखान्यात येतात. वजन वाढलेले असते, पोट जड असते, प्रमेही रुग्णाची रक्तशर्करा चढलेली असते. आपण विचारतो, 'गोड खाल्ले का?' रुग्ण खाली मान घालतो. आपण साखर बंद करावयास सांगतो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतो. या पद्धतीचा फेरविचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

शास्त्रातील एक विचारणीय स्थळ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात शोक हा शोषण करणाऱ्या भावांमध्ये अग्रणी मानला आहे. अष्टौनिंदितीय अध्यायात कार्श्याची कारणे सांगताना रूक्ष अन्नपान, लंघन, वेगनिग्रह यांच्या पंक्तीत शोकाचाही उल्लेख येतो. उलट स्थौल्याच्या कारणांत नित्य हर्ष आणि चिंतेचा अभाव सांगितला आहे. म्हणजे ग्रंथानुसार शोकाने माणूस वाळावयास हवा. तसे वाळणारे रुग्ण आपण पाहतोच. ज्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, घास घशाखाली उतरत नाही, असे रुग्ण शोकाच्या पहिल्या काही आठवड्यांत विशेष आढळतात. मग शोकातच स्थूल होणारा हा दुसरा रुग्ण कोठून आला?

आमच्या मते येथे ग्रंथ चुकलेला नाही, आपले निदान अर्धे राहिले आहे. ज्वरचिकित्सेत काम, शोक व भय यांनी वायूचा प्रकोप होतो असे सांगितले आहे. प्रकुपित वायूचे शमन मधुर, स्निग्ध व गुरु द्रव्यांनी होते, हे आपण पहिल्या वर्षापासून पाठ करीत आलो. मधुर रसाचे गुण सांगताना चरकाचार्यांनी तो सहाही इंद्रियांना प्रसन्न करणारा म्हटला आहे आणि सहावे इंद्रिय म्हणजे मन. तोच प्रीणन, जीवन व तर्पण करणारा सांगितला आहे. तेव्हा रात्री अकरा वाजता लाडवाचा डबा उघडणारी शोकाकुल स्त्री ही जिभेची गुलाम नव्हे. तिने नकळत स्वतःवर वातशामक चिकित्सा आरंभिली आहे. द्रव्य शास्त्राला धरून आहे. मात्रा, काळ व अग्नी यांचा विचार मात्र राहून गेला आहे.

हा विचार का राहून चालत नाही, तेही विमानस्थानात आले आहे. चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व जागरण यांनी ग्रस्त माणसाला मात्रेत घेतलेले पथ्य अन्नदेखील पचत नाही, असा तेथे आशय आहे. पथ्य अन्नाची ही स्थिती, तर तुपात तळून साखरेत घोळविलेल्या चिरोट्याचे काय होणार? अग्नी मंद, अन्न गुरु, आधीचे जिरण्यापूर्वीच पुन्हा खाणे म्हणजे अध्यशन, त्यात शरीरश्रम थांबलेले आणि दिवसा झोप. शोक वाळवितो हे खरेच. पण शोकावर केलेला हा उतारा संतर्पण घडवितो आणि अखेरीस रुग्ण प्रमेहाच्या वाटेने जातो. मधुर रसाच्या अतियोगाने स्थौल्य, आलस्य, अतिनिद्रा, जडत्व व अग्निदौर्बल्य येते, हेही त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञान या प्रक्रियेचे वर्णन निराळ्या शब्दांत करते. दीर्घकाळच्या मानसिक ताणात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि अनेकांचा कल गोड व स्निग्ध पदार्थांकडे झुकतो. झोप अपुरी झाली की भूक वाढविणाऱ्या व तृप्ती देणाऱ्या संप्रेरकांचा तोल बिघडतो. म्हणूनच दुःखाने जागणाऱ्या माणसाला मध्यरात्री भूक लागल्यासारखे वाटते. ही भूक खोटी आहे असे म्हणून त्याला हिणविणे योग्य नव्हे.

आमच्याकडून झालेली एक चूक

येथे स्वतःचाच एक अनुभव सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. पाच वर्षांपासून प्रमेहाची चिकित्सा घेणाऱ्या, साठीच्या घरातील एक गृहिणी आमच्याकडे नियमित येत असत. यजमान श्रावणात अचानक गेले. दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा वजन चार किलोंनी वाढलेले होते आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची, दोन्ही रक्तशर्करा चढलेल्या होत्या. आम्ही छापील आहारपत्रक त्यांच्या हाती दिले. साखर, गूळ, भात, बटाटा, तळलेले, सर्व वर्ज्य. वर, 'तुमच्यासारख्या समजूतदार बाईंनी असे करावे?' असेही बोलून गेलो. त्यांनी पत्रक घडी घालून पिशवीत ठेवले आणि संक्रांतीपर्यंत त्या फिरकल्या नाहीत.

संक्रांतीनंतर त्यांची सून त्यांना आग्रहाने घेऊन आली. या वेळी आम्ही आहाराविषयी काही न विचारता फक्त 'रात्री झोप लागते का?' एवढेच विचारले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे रोज रात्री अकराला दूध आणि एक लाडू घ्यायचे. बरोबर त्याच वेळी मला जाग येते. मग मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडते. एक खाते, दुसरा खाते. चव कळतच नाही. पण डबा उघडल्याचा आवाज झाला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं." मुलासुनेसमोर रडावयाचे नाही असे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरविले होते आणि पाच महिने ते पाळले होते.

त्यांच्या व्याधीचे मूळ हेतू त्या तीन-चार वाक्यांत होते. आमच्या पत्रकात त्यांतील एकालाही जागा नव्हती. आम्ही द्रव्य बंद केले होते, हेतूला स्पर्शही केला नव्हता.

अश्रूंचा वेग आणि शोकाचा वेग

नवेगान्धारणीय अध्यायात एक सूक्ष्म भेद केलेला आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनाचे वेग धारण करावेत, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात बाष्प म्हणजे अश्रू हा अधारणीय वेगांत गणला आहे. अश्रू अडविल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात असे म्हटले आहे. शोकाला आवर घालावा, पण अश्रू अडवू नयेत, असा दोन्हींचा एकत्रित अर्थ होतो. आपल्या समाजात नेमके उलट घडते. 'रडू नका, मुलांकडे पाहा' असे सांगून अश्रू अडविले जातात आणि शोक आत मोकाट राहतो. सणाच्या दिवसांत तर हा निग्रह अधिकच कडक होतो, कारण शुभदिवशी डोळ्यांतून पाणी काढणे अशुभ मानले जाते. पाडव्याला पतीला ओवाळणारी स्त्री आणि भाऊबीजेला भावाची वाट पाहणारी बहीण यांनी त्या दिवशी काय करावे, याचे उत्तर कोणत्याही पत्रिकेत छापलेले नसते.

अश्रुनिग्रहजन्य विकारांवर निद्रा, मद्य व प्रिय कथा हे उपाय सांगितले आहेत. यांतील मद्याचा उपयोग आजच्या रुग्णात तंतोतंत करण्याजोगा नाही, किंबहुना शोकाकुल पुरुषांत व्यसन जडण्याचा धोका ओळखून त्यापासून त्यांना दूरच ठेवावे. निद्रा आणि प्रिय कथा हे दोन उपाय मात्र बिनखर्चाचे, निर्धोक आणि आपल्या हातातील आहेत. प्रिय कथा म्हणजे केवळ करमणूक असे आम्ही मानीत नाही. गेलेल्या माणसाविषयी आपुलकीने बोलणे, ही शोकाकुलाला सर्वांत प्रिय कथा असते.

चिकित्साक्रम

वरील विवेचनावरून आम्ही आमच्या दवाखान्यात जो क्रम ठरविला आहे, तो समव्यवसायी बंधुभगिनींच्या विचारार्थ देत आहोत.

१. प्रश्नपरीक्षा. गणेशोत्सवापासून संक्रांतीपर्यंत येणाऱ्या प्रत्येक प्रमेही व स्थूल रुग्णास, गेल्या वर्षभरात घरात कोणी गेले का, हे विचारावे. गोड किती खाल्ले यापेक्षा केव्हा, कोठे व कोणाबरोबर खाल्ले हे विचारावे. एकट्याने, उभ्याने, रात्री, डब्यातूनच, असे उत्तर आले तर निदानाची दिशा कळते.

२. रात्रीची भूक तपासावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणारा रुग्ण शोकात जेवण चुकवितो. मध्यरात्री त्याला घाम, कंप, धडधड व गोडाची तीव्र इच्छा होते. ही मनाची ओढ नसून रक्तशर्करा खरोखर उतरलेली असू शकते. ग्लुकोमीटरवर ती ७० मिलिग्रॅमहून कमी आढळल्यास तत्काळ सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि संबंधित डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही न देता त्वरित रुग्णालयात न्यावे. हा विवेक न करता 'गोड बंद' म्हणणे घातक ठरेल.

३. दोन वेळचे जेवण आधी बसवावे. ज्याला दुपारी ऊन मुगाची खिचडी, साजूक तूप व ताक मिळाले, त्याची रात्रीची ओढ निम्मी होते असा आमचा अनुभव आहे. एकट्या राहिलेल्या माणसाला स्वतःपुरता स्वयंपाक करणे हेच जड जाते. तेथे नातलगांनी आठवड्यातून दोन-तीन वेळा बरोबर जेवावयास बसावे, असे स्पष्ट सांगावे.

४. गोड ताटात वाढून घ्यावे. आहारविधीत तन्मन होऊन जेवावे असे सांगितले आहे. खावयाचा तो एक लाडू दुपारच्या जेवणाबरोबर, ताटात, बसून, चवीने खावा. प्रमेही रुग्णात तोही अर्धा करावा व भाकरी किंवा भात त्या मानाने कमी करावा. मध्यम आकाराच्या एका बेसनलाडवात, घरोघरच्या प्रमाणानुसार, दोन-तीन चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची दैनंदिन मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत म्हणजे सुमारे २५ ग्रॅम ठेवण्यास सुचविले. म्हणजे दोन लाडू व तीन कप गोड चहा झाला की ती ओलांडली जाते. हे गणित रुग्णाला दटावण्यासाठी नव्हे, समजावून देण्यासाठी वापरावे.

५. पादांशिक क्रम. अहितकर सवय चतुर्थांश-चतुर्थांशाने सोडावी आणि हितकर सवय त्याच मानाने अंगी बाणवावी, हे चरकोक्त सूत्र येथे फार उपयोगी पडते. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्याने प्रथम दीड, काही दिवसांनी एक, असे उतरावे. रात्री दोन लाडू खाणाऱ्याने दीडवर यावे आणि सुटलेल्या पावाच्या जागी चार मनुका किंवा एक खारीक, कपभर ऊन दूध व चिमूटभर जायफळ असे काही यावे. प्रमेही रुग्णाने मनुका-खारकेऐवजी चार बदाम किंवा मूठभर भाजलेले फुटाणे घ्यावेत. शोकात माणसाने आधीच एक मोठी गोष्ट एका दिवसात गमावलेली असते. दुसरीही एका दिवसात हिरावून घेऊ नये.

६. डब्यांची व्यवस्था. आलेला फराळ नाकारू नये, त्याने देणाऱ्याचे मन दुखावते. मात्र दोन दिवसांपुरता ठेवून उरलेला कामवाल्या बाई, वॉचमन, गल्लीतील मुले यांना वाटून टाकावा. गेलेल्या माणसाच्या नावाने वाटला, तर वाटणाऱ्यालाही समाधान लाभते. नातलगांनाही सांगावे की डब्यापेक्षा तासभर वेळ द्या. आणावयाचेच असेल तर भाजणीचे थालीपीठ, फळे किंवा डाळिंबाचे दाणे आणा.

७. निद्रा व विहार. रात्री झोपण्यापूर्वी तिळतेलाने पादाभ्यंग, तोही शक्य तेथे घरातील दुसऱ्या माणसाच्या हातून, हा आमच्या मते या अवस्थेतील श्रेष्ठ उपचार होय. सकाळी अर्धा तास चालणे, तेही सोबतीने. दिवसाची झोप टाळावी.

८. औषध. लक्षणांनुसार ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी यांची योजना आपण करतोच. अश्वगंधा देताना अवटुग्रंथीचे व यकृताचे विकार, गर्भावस्था आणि चालू असलेली झोपेची औषधे यांची चौकशी अवश्य करावी. औषध हे येथे साहाय्यक आहे, प्रधान चिकित्सा सत्त्वावजय होय. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे मानस दोषांवरील उपाय सांगितले आहेत. त्यांतील धैर्य देणे हे वैद्याचे काम आहे.

औषधी दुकानदारांसाठी

दिवाळी हा आपल्या दुकानांतील च्यवनप्राशाचा हंगाम. याच दिवसांत 'अशक्तपणा आलाय, काहीतरी टॉनिक द्या' असे म्हणत शोकाकुल घरांतील माणसे गल्ल्यावर येतात. च्यवनप्राश, गुलकंद, निरनिराळे अवलेह यांत साखरेचा वाटा मोठा असतो. सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांसारख्या मनोविकारांत वापरल्या जाणाऱ्या अरिष्टांत गूळ, मध किंवा साखर असते आणि संधानाने निर्माण झालेला मद्यांशही असतो. म्हणून बाटली देण्यापूर्वी 'मधुमेह आहे का?' हा एक प्रश्न विचारावा. असल्यास त्याच द्रव्यांचे चूर्ण, वटी किंवा क्वाथ सुचवावा व रुग्णाला वैद्याकडे पाठवावे. एखादा ग्राहक आठवड्याला अरिष्टाची बाटली नेऊ लागला, तर त्याची विक्री वाढली असे न समजता त्याची झोप उडाली आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट गुडमाराची. मधुनाशिनी हे सार्थ नाव असलेल्या या वनस्पतीचे पान चघळले असता काही काळ गोडाची चव कळेनाशी होते, हे आपण जाणतो. 'गोडाची इच्छा मारणारे औषध' म्हणून तिची मागणी अलीकडे वाढली आहे. मधुमेहाच्या औषधांबरोबर घेतल्यास ती रक्तशर्करा प्रमाणाबाहेर उतरवू शकते. शिवाय जिभेची चव गेली तरी मनाची ओढ जात नाही. ज्या बाईंना लाडवाची चव कळतच नव्हती, त्यांना गुडमाराने काय साधले असते?

मर्यादा ओळखावी

शोक हा व्याधी नव्हे. बहुतेकांचा तो काळाने व आप्तांच्या साहाय्याने सौम्य होतो. तथापि तीव्र शोक दीर्घकाळ तसाच राहून माणसाचे दैनंदिन जीवन ठप्प करीत असेल, तर ती स्वतंत्र विकृती समजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात तिची नोंद असून त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, अन्नपाणी टाकणे, रोजचे मद्यपान, किंवा भराभर खाऊन मुद्दाम ओकारी काढणे, यांपैकी काही आढळल्यास सहा महिने थांबू नये, त्वरित मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तो क्रमांक दवाखान्यात आणि दुकानात ठळकपणे लावावा.

उपसंहार

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही जुने पत्रक परत घेतले. सुनेने रात्री साडेनऊला त्यांच्या तळपायांस तेल लावावयाचे व त्या वेळी सासऱ्यांच्या गोष्टी विचारावयाच्या, एवढेच ठरले. पहिल्या आठवड्यात दोघीही रोज रडल्या, असे सुनेने सांगितले. लाडू दुपारच्या ताटात आला, तो अर्धा झाला. रात्री अकराचे दूध, साखरेवाचून, चालू राहिले, ते आम्ही मुद्दामच काढले नाही. अक्षय्यतृतीयेपर्यंत वजन अडीच किलोंनी उतरले व रक्तशर्करा पूर्वपदाच्या जवळ आली. रात्रीचा डबा पुरता सुटला असे म्हणता येणार नाही. महिन्यातून एखादे वेळी तो उघडतो, तसे त्या स्वतःच येऊन सांगतात. त्या सांगतात, हेच आम्हांस यश वाटते.

येत्या दिवाळीत आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात असे दोन-चार रुग्ण येतील. पथ्यापथ्याचा कागद त्यांच्या हाती देण्यापूर्वी आपण त्यांना बसावयास सांगावे आणि घरचे कोण गेले, ते विचारावे. मग पथ्य सांगावे. आमची खात्री आहे की ते अधिक पाळले जाईल.